‘शेत विकून टाक’ म्हणण्याआधी

प्रिय ताई,

मी मूळची लातूरची. लग्नाला चौदा वर्षं झाली. नवरा कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातला शेतकरी आहे. आमची ओळख सॅस्कटूनच्या विद्यापीठात झाली. शेती करणारी त्यांच्या घरातली ही चौथी पिढी. चार हजार एकर जमीन आहे, त्यातली निम्मी भाड्याची. गहू, कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक), मसूर आणि थोडा वाटाणा घेतो. मी जवळच्या गावातल्या इस्पितळात प्रयोगशाळेत काम करते. मुलगा बारा वर्षांचा आहे, मुलगी नऊची.

माणूस सोन्यासारखा आहे. पहाटे पाचला उठतो. पेरणी-कापणीच्या दिवसांत सोळा-सतरा तास शेतात असतो, तरी सकाळी मुलीच्या वेण्या घालून देतो. हिवाळ्यात अंगणात पाणी सोडून मुलांना स्केटिंगसाठी बर्फाचं मैदान करून देतो. दारू नाही, आवाज चढवणं नाही. पण गेली दोन वर्षं मसूर उभ्याउभ्या पिवळा पडून गेला, वाटाण्याला भाव नाही, आणि यंदा कापणी संपली तरी हा माणूस घरात आलाच नाही असं वाटतं. रात्री उशिरापर्यंत शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, एकटा बसून असतो. मुलीचा हॉकीचा एकही सामना न चुकवणारा बाप या हिवाळ्यात एकदाही गेला नाही. परवा सहज बोलावं तसं म्हणाला, “माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल.” मी चिडून म्हटलं, विकून टाक हे शेत, सॅस्कटूनला राहायला जाऊ. त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

आई म्हणते, असा कष्टाळू, निर्व्यसनी नवरा मिळाला, आणखी काय हवं? भाऊ लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर असतो. तो म्हणतो, चार हजार एकरवाल्यानं रडायचं, तर आम्ही काय करायचं? मी कृतघ्न आहे का, ताई? शेत विकायचा आग्रह धरू का? मी शाळेत असताना आमच्या शेजारच्या काकांनी नापिकीच्या वर्षी जीव दिला होता. हल्ली ते सारखे आठवतात. का, ते कळत नाही.

(मला अगं-तुगं केलंत तर बरं वाटेल.)

– र.

प्रिय र.,

शेताचं नंतर बोलू. शेजारचे काका का आठवतात, ते तुला कळलेलं आहे. ते लिहायला हात धजावला नाही, एवढंच. ‘माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल’ हे सहज बोलायचं वाक्य नव्हे. जो माणूस मुलीच्या हॉकीला जायचा थांबला, जो रात्र रात्र एकटा बसतो, त्याच्या तोंडून ते आलं असेल तर तू ते ऐकलंस तसंच मीही ऐकते आहे. म्हणून पहिलं काम हे: या आठवड्यात त्याला सरळ विचारायचं. “जीव द्यावासा वाटतो का तुला?” याच शब्दांत. ‘बरा आहेस ना?’ असं विचारू नकोस, त्याला ‘हो’ एवढंच उत्तर असतं. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती आपल्याकडे फार आहे. मनाच्या आजारांवर काम करणारी माणसं ठामपणे सांगतात की तसं होत नाही. उलट कुणीतरी तो शब्द उच्चारला म्हणून माणसाला हायसं वाटतं. इतके दिवस तो एकटाच त्या शब्दाजवळ बसलेला असतो.

कुठे विचारायचं, तेही सांगते. स्वयंपाकघराच्या टेबलाशी समोरासमोर बसवून नको. असा माणूस डोळ्याला डोळा भिडला की गप्प होतो. हिवाळ्यात बिनमधलं, म्हणजे शेतावरच्या कोठीतलं, धान्य एलिव्हेटरला, म्हणजे धान्य खरेदीच्या कोठारावर, पोहोचवायच्या खेपा चालू असतील. अशा एका दिवशी रजा काढ आणि ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बस. दोघांची नजर रस्त्यावर, हातात काम आणि समोर सरळ पसरलेला तुमच्याकडचा लांबच लांब रस्ता. विचारून झालं की तू गप्प राहा. उत्तर यायला दोन मैल लागले तरी लागू देत. त्याच्या आधी तू दुसरं काही बोलू नकोस, समजूत घालू नकोस, मुलांची शपथ घालू नकोस.

उत्तर ‘हो’ आलं, किंवा ‘कधी कधी’ आलं, तर त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही. तुमच्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ पासून देशभर ९८८ हा क्रमांक सुरू झाला आहे. फोन करा किंवा संदेश पाठवा, रात्री-अपरात्री केव्हाही माणूस भेटतो. सस्कॅचवानमध्ये खास शेतकऱ्यांसाठीही फोनसेवा आहे, ‘फार्म स्ट्रेस लाइन’ नावाची. फोन त्यानेच केला पाहिजे असं नाही. तू आधी करून ‘मी कसं बोलू’ एवढं विचारलंस तरी चालतं. तुमच्या भागात बऱ्याच घरांत शिकारीची बंदूक असते. तुमच्या घरी असेल तर ती काही दिवस परवाना असलेल्या एखाद्या विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवायला दे. लाजू नकोस. असले वाईट क्षण बरेचदा थोड्या वेळाचे असतात. ते निघून जाईपर्यंत घरात तसं काही हाताशी नसलं, की माणूस वाचतो.

आणि डॉक्टर. तू गावातल्याच इस्पितळात काम करतेस. त्याला तिथे जायला नको वाटेल, कारण तिथली नर्स त्याच्या वर्गातली असेल आणि डॉक्टर कर्लिंगला (तुमच्याकडचा बर्फावरचा खेळ) भेटत असतील. तो हट्ट मोडायला बसू नकोस. सॅस्कटूनला जा, किंवा पहिली भेट फोनवर घ्या. लहान गावातल्या माणसाला आपलं दुखणं गावाबाहेर दाखवावंसं वाटलं तर त्यात काही चूक नाही.

उत्तर ‘नाही’ आलं तरी विषय संपला असं धरू नकोस. एकदा विचारलंस म्हणजे पुन्हा विचारता येतं, आणि त्यालाही पुढे कधी सांगता येतं. गेल्फ विद्यापीठाने २०२१ मध्ये कॅनडाभरच्या शेतकऱ्यांची पाहणी केली. चारांतल्या एकाने सांगितलं की मागच्या वर्षभरात जगणं नकोसं वाटलं होतं, किंवा मरणाचा विचार येऊन गेला होता. तुमच्या पंचक्रोशीतल्या चार घरांचे दिवे रात्री दिसतात ना, त्यांत हा हिशेब घालून बघ. तुझा नवरा जगावेगळा नाही, दुबळा तर मुळीच नाही. तुमच्याच प्रांतातल्या शेतकरी मंडळींनी २०१८ मध्ये ‘डू मोअर अॅग’ नावाची संस्था काढली, ती याच कारणासाठी. त्याला डॉक्टरपेक्षा दुसऱ्या शेतकऱ्याशी बोलणं सोपं वाटलं, तर तिथून सुरुवात करायलाही हरकत नाही.

आता तुझ्या आईचं बोलणं. कष्टाळू, निर्व्यसनी, घर सांभाळणारा. खरं आहे, आणि आईने ते प्रेमानेच म्हटलं आहे. मीही शेतकऱ्याची मुलगी, बीडकडची. आमच्या घरीही पुरुषाला द्यायची सगळ्यात मोठी शाबासकी हीच होती. पण या शाबासकीत एक दुखरी गोष्ट लपलेली असते, ती मला तुझ्यापुढे मोकळेपणाने मांडायची आहे. कष्टाळू म्हणून ज्याला सगळं गाव ओळखतं, त्याला थकायची परवानगीच उरत नाही. तो खचला तरी कामालाच जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला पूर्वीचाच कष्टाळू माणूस दिसतो. शेडमध्ये दिवा चालू आहे, म्हणजे तो कंबाइनचं, कापणी-मळणीच्या यंत्राचं, काहीतरी दुरुस्त करत असेल, असंच शेजारी समजणार. तुझी सासू समजणार, मुलंही समजणार. जे दुःख आळशी माणसाच्या अंगावर चार दिवसांत दिसतं, ते कष्टाळू माणसाच्या अंगावर दोन-दोन वर्षं दिसत नाही. तुला ते दिसलं. मग तू कृतघ्न कशी? चौदा वर्षं त्याच्याकडे नीट बघत आलीस, म्हणून हॉकीची एक रिकामी खुर्ची तुझ्या नजरेत भरली.

भावाला मात्र आकडे समजावून सांगावे लागतील, कारण तो आकड्यांतला माणूस आहे. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा साडेतीन एकरांच्याही आत आली आहे. सस्कॅचवानमध्ये सरासरी शेत सतराशे एकरांच्या वर जातं. म्हणून त्याला चार हजार एकर ऐकून जहागिरी वाटते. पण त्याला विचार, लातूरच्या निम्म्याहून कमी पावसात, वर्षातून एकच पीक, दुसरा हंगाम नाही, आणि हातात गोठवणारं दंव न पडणारे जेमतेम शंभर-सव्वाशे दिवस, अशी शेती तो कशी करेल? मे महिन्यात जमीन वितळली की जूनच्या सुरुवातीपर्यंत पेरणी उरकायची. ऑगस्टच्या मध्यापासून कापणी. सप्टेंबरात केव्हाही दंव पडतं, आणि ते पीक पिकण्याआधी आलं तर दाणा हिरवाच राहतो, भाव पडतो. एवढ्या थोड्या दिवसांत एवढी जमीन उरकायची म्हणून यंत्रं मोठी लागतात. नवा मोठा कंबाइन दहा लाख डॉलरच्या आसपास जातो. मसूर चांगल्या वर्षी एकरी सहा क्विंटलच्या आसपास. २०२१ च्या दुष्काळात तोही कितीतरी ठिकाणी निम्म्यावर आला. जमीन हजारात मोजली, तर कर्ज लाखांत मोजावं लागतं. साडेतीन एकरवाल्याचं दुःख मी कमी लेखत नाही, ते मी जवळून पाहिलं आहे. पण एकाचं दुःख मोठं म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही.

मसूर पिवळा पडल्याचं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. तिथे थोडं थांबायला हवं, कारण मला वाटतं त्याच्या रात्री तिथेच जात असतील. तुमच्या भागात मसूर-वाटाण्याला अॅफॅनोमायसिस नावाची मूळकूज लागते. ओल्या वर्षी ती मुळं खाते, झाड पिवळं पडतं, आणि तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं राहतात. एकदा रान बाधित झालं की तिथे सहा ते आठ वर्षं मसूर किंवा वाटाणा घेऊ नये, असा सल्ला दिला जातो. फवारून सुटका नाही. तुमच्याकडे हाच रोग आहे की दुसरं काही, ते माती तपासल्यावर कळेल. पण हाच असेल, तर तुझ्या नवऱ्यापुढचा प्रश्न एका वाया गेलेल्या हंगामाचा नाही. त्याच्या वडिलांच्या उमेदीत ज्या पिकाने त्या भागाला हात दिला, तेच पीक आठ वर्षं बाजूला ठेवायचं आहे. तिकडे मसूर जुना नाही. सॅस्कटूनच्या तुमच्याच विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी सत्तरच्या दशकात त्यावर काम केलं, १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हा वाण आला, आणि नुसत्या गव्हावर जगणाऱ्या शेतकऱ्याला दुसरं नगदी पीक मिळालं. आज तो प्रांत जगाला मसूर पुरवतो. पिकवणाऱ्या कितीतरी घरांत तो शिजत मात्र नसे. तुझ्या सासरी बहुधा तू गेल्यावर पहिल्यांदा मसुराची आमटी झाली असेल.

बाजाराचं काय होतं, ते तर तुझ्या भावाला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के. तूर मातीमोल झाली होती आणि इथल्या शेतकऱ्याला आधार हवा होता. तो निर्णय लातूरच्या यार्डात दिलासा म्हणून वाचला गेला. तुझ्या घरी त्याच सकाळी कोठ्या भरलेल्या होत्या आणि गिऱ्हाईक गेलं होतं. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याला दार उघडलं, नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के शुल्क आलं. मधे मार्च २०२५ मध्ये चीनने कॅनडाच्या वाटाण्यावर आणि कनोलाच्या तेल-पेंडीवर १०० टक्के जादा शुल्क लावलं. यातलं काहीही तुझ्या नवऱ्याच्या हातात नव्हतं. कष्टाळू माणसाला हे सगळ्यात जड जातं. अडचण आली की जास्त राबायचं, एवढंच त्याला शिकवलेलं असतं, आणि इथे जास्त राबून काही बदलत नाही. मग तो रात्री शेडमध्ये जाऊन जे हाताने दुरुस्त होतं ते दुरुस्त करत बसतो. मला तरी ते समजतं.

‘विकून टाक’ म्हटल्यावर तो दोन दिवस का बोलला नाही, हेही यावरून कळेल. त्याचा पणजोबा आला तेव्हा १८७२ च्या कायद्याखाली दहा डॉलर भरून १६० एकरांचा एक क्वार्टर मिळत असे. अट अशी की तिथेच राहायचं आणि तीन वर्षांत त्यातली काही जमीन मोडून लागवडीखाली आणायची. (ती जमीन त्याआधी क्री आणि इतर मूळ लोकांची होती, करार करून त्यांच्याकडून घेतलेली. हे तुझ्या मुलांना घरातच माहीत व्हावं.) मग १९३० च्या दशकात धुळीची वादळं आली, पिकं गेली, शेजारची घरं बंद पडली, माणसं गाडीत सामान भरून उत्तरेला निघून गेली. त्याच्या घरचे राहिले. अशा घरात वाढलेल्या मुलाला लहानपणापासून न बोलता एकच गोष्ट सांगितलेली असते: ‘त्यांनी धरून ठेवलं.’ आता चौथा म्हणून त्याची पाळी आहे. तू म्हटलंस, शेत विकून टाक. त्याने ऐकलं असेल, ‘तुझ्याच हातून बुडालं.’ तुझ्या मनात तसं नव्हतं. पण बाहत्तरच्या दुष्काळात जमीन विकावी लागलेली एक तरी आजी तुझ्याही नात्यात असेल. तिला तिच्या म्हातारपणी कुणी जमिनीचं विचारलं, तर ती काय करायची ते आठव.

म्हणून माझं मत असं, की विकण्याचा आग्रह आत्ता धरू नकोस. कधीच नको, असं मी म्हणत नाही. पण ज्याचं मन इतकं खाली गेलं आहे, त्याच्याकडून एवढा मोठा निर्णय करून घेऊ नये. तो आज ‘हो’ म्हणाला तरी तो ‘हो’ दुखण्याचा असेल, आणि वसंतात लिलावाला ओळीने उभी केलेली आपली यंत्रं बघताना त्याचं काय होईल याची मला भीती वाटते. आत्ता त्याच्याकडे दुसरं काही माग. हिशेबात जागा माग.

चौदा वर्षांत तू त्या शेतीच्या वह्या कधी पाहिल्यास, हे पत्रात कुठे दिसत नाही. मला वाटतं, पाहिल्या नसाव्यास. बँकेचं किती, जमिनीच्या भाड्याचं किती, यंत्राचा हप्ता कधी, खताचं बिल कुणाकडे, हे सगळं एकट्या त्याच्या डोक्यात आहे. तो तुला त्रास नको म्हणून सांगत नाही, आणि तू त्याला बोचेल म्हणून विचारत नाहीस. दोघं एकमेकांना जपता जपता एकेकटे झाला आहात. तू रक्ताच्या नमुन्यांतले आकडे वाचणारी बाई आहेस, तुला ताळेबंद जड जाणार नाही. ट्रकमधल्या बोलण्यानंतर, दोन-तीन दिवस जाऊ देऊन, त्याला म्हण: “मला सल्ला द्यायचा नाही. मला फक्त सगळं माहीत हवं आहे. तू जे रात्री एकटा बघतोस, ते मला बरोबर बसून बघायचं आहे.” तू तुमच्या इंग्रजीत म्हणशील, शब्द वेगळे होतील, पण सूर हाच ठेव. आणि मग खरंच सल्ला देऊ नकोस. पहिल्या बैठकीत फक्त लिहून घे. आकडा कितीही मोठा निघाला तरी तुझ्या चेहऱ्यावर राग येऊ देऊ नकोस. तो आकड्याकडे बघत नसेल, तुझ्याकडे बघत असेल.

कागदावर आलं की वाटाही दिसायला लागतात. तुमच्याकडे पीकविम्याचे निर्णय साधारण ३१ मार्चपर्यंत करावे लागतात, आणि ‘अॅग्रीस्टॅबिलिटी’ या उत्पन्नाच्या योजनेची नोंदणी साधारण ३० एप्रिलपर्यंत. शेतीतला नफा नेहमीच्या सरासरीच्या ७० टक्क्यांखाली गेला, तर त्या योजनेतून भरपाई मिळते. तो त्यात आहे का, विचार. कंटाळून बाहेर पडलेले बरेच असतात. खरंच हप्ते भरता येईनासे झाले असतील, तर केंद्र सरकारची शेती-कर्ज मध्यस्थी सेवा आहे. ती मोफत आणि गुप्त असते. एक जाणकार तुमचा ताळेबंद तपासतो, मग मध्यस्थ कर्ज देणाऱ्यांशी तुमची बैठक घडवतो, आणि तोवर वसुली थांबवून घेण्याची सोय त्या कायद्यात आहे. तारण घेतलेल्या सावकाराला जप्तीआधी कामाच्या १५ दिवसांची नोटीस द्यावीच लागते. हे त्याला माहीत असण्याची शक्यता आहे. पण मध्यरात्री एकट्याने विचार करताना माहीत असलेलंही आठवत नाही.

विकणे आणि तसंच ओढत राहणे यांच्यामध्येही बरीच जागा आहे. भाड्याच्या जमिनीतले दूरचे, हलके क्वार्टर सोडता येतात. मूळकुजीचं रान गव्हा-कनोलाला देऊन मसूर काही वर्षं थांबवता येतो. शेजाऱ्याबरोबर एक कंबाइन भागीत चालवणारी घरं तुमच्या प्रांतात आहेत. तुझा पगार घराला पुरतो का, आणि शेतीतून घरासाठी काहीच काढलं नाही तर दोन वर्षं निघतील का, हेही मांडून बघा. हे सगळं बघितल्यावर, त्याचं मन सावरल्यावर, एखाद्या दिवशी तोच म्हणाला की विकू या, तर त्याच्या पाठीशी ठाम उभी राहा आणि कुणाला त्याला पराभव म्हणू देऊ नकोस. त्या वेळी जमीन, कंपनी, घर यांतलं कशाकशावर तुझं नाव आहे, तेही वकिलाकडून नीट बघून घे. ते आत्ताच बघितलंस तरी चांगलं. हा अविश्वास नव्हे. संसाराच्या कागदांवर तुझं नाव असणं हा तुझा हक्क आहे.

मुलांबद्दल थोडंसं. बारा वर्षांचा मुलगा बापासारखाच होऊ बघत असेल, शेडमध्ये जाऊन जवळ उभा राहत असेल, आणि न बोलण्याची कलाही तिथेच शिकत असेल. त्याला एवढं सांग की बाबांना बरं वाटत नाहीये, आम्ही त्यावर काम करतोय, आणि ते बरं करायची जबाबदारी तुझी नाही. मुलीलाही सांग. सामन्याला का आले नाहीत याचं उत्तर मुलं स्वतः तयार करतात, आणि ते नेहमी स्वतःवर दोष घेणारं असतं.

तो थोडा सावरला की वर्षाचा करार करा दोघं मिळून. मे महिना आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस शेताचे. तेव्हा तू त्याच्याकडून संध्याकाळ मागायची नाही. डबा घेऊन शेतावर जायचं, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून चौघांनी जेवायचं, तुमच्याकडच्या कितीतरी घरांत ती पद्धत आहेच. त्याच्या बदल्यात हिवाळा घराचा. हॉकी, कर्लिंग आणि एक खरी रजा. चौदा वर्षांत तो लातूरला किती वेळा आला? जानेवारीत तिकडे उणे तीस असतं आणि आपल्याकडे तुरीच्या राशी चाललेल्या असतात. ते त्याने बघावं असं मला फार वाटतं.

तू स्वतःबद्दल पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस, आणि मी ते मोजलं आहे. नोकरी, दोन मुलं, मैलभर शेजारी नाही, मराठी बोलायला माणूस नाही, आणि वर हा घोर. ९८८ वर तुझ्यासाठीही फोन करता येतो. एखादी शेतकरी घरातली मैत्रीण निवड, आणि तिला हे सगळं सांग. त्याची अब्रू जाईल म्हणून गप्प राहू नकोस. सगळं गाव कळायला नको, एक माणूस पुरेसा आहे. मराठीत बोलावंसं वाटलं तर मला लिही.

आणि भावाला एक काम सांग. तुझ्या नवऱ्याशी त्याचं बोलणं ‘हाय, हॅलो’च्या पुढे गेलेलं दिसत नाही, आणि दोघंही आयुष्यभर एकाच मालाच्या दोन टोकांना उभे आहेत. इकडे रब्बीत हरभरा आणि मसूर किती पेरला गेला, यार्डात आवक कशी आहे, शुल्काबद्दल व्यापारी काय बोलतात, हे तुझ्या नवऱ्याला पेरणीआधी हवं असतं, आणि ते तुझ्या भावाच्या जिभेवर आहे. भावाला तिकडचा माल कधी निघणार हे हवं असतं. मनाची विचारपूस करायला सांगू नकोस, दोघंही अवघडतील. बाजारभावाबद्दल बोलू दे. तुमच्याकडे घड्याळ मागे-पुढे करत नाहीत, त्यामुळे साडेअकरा तासांचं अंतर बारा महिने तेच असतं. तुमच्या सकाळी सातला लातुरात संध्याकाळचे साडेसहा वाजतात. तेव्हा यार्डातली गर्दी ओसरलेली असते.

ट्रकमधलं बोलणं झालं की मला कळव. उत्तर काय आलं ते नाही सांगितलंस तरी चालेल, विचारलंस एवढं लिही.

तुझी,
ताई

(हे पत्र महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी: आपल्या घरात कुणी असं बोलत असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.)